दर दोन तासांनी कूस

आमच्या आजीचा ब्रेडन स्कोअर ११ होता. हे मला ती गेल्यानंतर २२ वर्षांनी कळलं. शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मुलं झोपल्यावर, रात्री साडेअकराला. दुसऱ्या दिवशी नर्सिंगचा पेपर होता आणि मी बेडसोअरचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचत होते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडाला, टाचांना जखमा होण्याचा धोका किती, हे मोजायची ही पट्टी. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी १९८० च्या दशकात ती तयार केली. सहा गोष्टी बघायच्या. दुखलं-खुपलं तर माणसाला जाणवतं का, कातडी ओलसर राहते का, अंथरुणातून उठणं किती होतं, पडल्या पडल्या स्वतःहून किती हलता येतं, पोटात काय जातं, आणि सरकवताना कातडी घासली-ओढली जाते का. पहिल्या पाचांना १ ते ४ गुण, शेवटच्या गोष्टीला १ ते ३. सगळं उत्तम असेल तर २३. बेरीज १८ किंवा त्याखाली आली की सावध व्हायचं. वहीच्या मागच्या पानावर मी आजीला गुण देत गेले. जाणीव ३, ओल २, उठणं १, हलणं २, खाणं २, घासणं १. अकरा. म्हणजे मोठा धोका. आणि तीन वर्षं, १९९० पासून १९९३ मध्ये ती जाईपर्यंत, आजीच्या पाठीवर एकच जखम झाली होती. तीही बरी झाली होती.

पुस्तकात लिहिलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला. माझ्या डोळ्यांसमोर आईचं घड्याळ आलं. सातच्या बातम्या लागल्या की डावी कूस. नऊला आम्ही शाळेत गेलो की उजवी. अकराला कुकर उतरवला की पाठीवर. एकला जेवणं आटपली की पुन्हा डावी. रात्रीसुद्धा ती उठायची. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि अर्धवट झोपेत ऐकू येणारा तिचा एक शब्द मला अजून आठवतो. "वळा." आजीला ती अहो-जाहो करायची.

मी मिरजेची. ज्यांना मिरज माहीत आहे त्यांना हेही माहीत असेल की आमच्या गावाची दोन गोष्टींसाठी ख्याती. एक सतारी-तंबोरे, दुसरी दवाखाने. विल्यम वानलेस हे कॅनडात जन्मलेले, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर. त्यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केलं. पुढे तिथे नर्सिंगचं शिक्षणही सुरू झालं. गावात त्या रुग्णालयाला नुसतं 'मिशन' म्हणतात. पांढऱ्या कपड्यांतल्या, केस घट्ट बांधलेल्या मुली घोळक्यानं ड्यूटीवर जाताना मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. शाळेत जायच्या रस्त्यावरच त्या भेटत. तरी आपणही हे शिकावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच मुलीच्या मनात आलं नसावं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाला लावलं. त्यालाही पाऊणशे वर्षं उलटून गेली होती. पण आमच्यासारख्या घरांत 'नर्स झाली' हे वाक्य 'बिचारी' या शब्दाच्या शेजारीच बसायचं. मी सांगलीला बी.कॉम. केलं, लग्न केलं, आणि २००२ साली नवऱ्याच्या पाठोपाठ अमेरिकेला आले.

एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या बायकांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, मी भर घालत नाही. तेव्हा नोकरी करायची परवानगी नव्हती, शिकायला चालायचं, पण एका पगारात शिकायचं कसं. मग ग्रीन कार्ड आलं, धाकटा शाळेत जायला लागला, आणि मंडळाच्या गणपतीत सगळ्याजणी एकच सल्ला द्यायला लागल्या, "सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर. चार महिन्यांत नोकरी." त्या प्रेमानंच सांगत होत्या. त्यांतल्या कितीजणी तसंच शिकून उत्तम नोकऱ्या करत होत्या. मीही फॉर्म आणला होता.

त्याच सुमाराला नवऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. रात्रपाळीची नर्स पन्नाशीच्या पुढची होती. तिनं त्याला बसतं करताना पोटाशी उशी धरायला लावली आणि मग खोकायला सांगितलं. उशी दाबून धरली की टाके ओढले जात नाहीत, आणि खोकला काढला की फुफ्फुसं साफ राहतात. एवढी साधी गोष्ट. तिला मी विचारलं, तुम्ही हे कुठे शिकलात? तिनं आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवरच्या कम्युनिटी कॉलेजचं नाव सांगितलं. "चाळिसाव्या वर्षी," ती म्हणाली. मी सदतीस वर्षांची होते.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय हे भारतातल्या वाचकांना सांगायला हवं. तालुक्याच्या कॉलेजासारखं ते त्या त्या भागातल्या लोकांचं असतं. आमच्या इलिनॉयमध्ये त्याचा खर्च काही प्रमाणात तिथल्या रहिवाशांच्या मालमत्ता करातून चालतो, म्हणून त्या हद्दीतल्या माणसाला फी बरीच कमी. दोन वर्षांची पदवी मिळते, वसतिगृहं बहुधा नसतात, लोक घरून येतात, नोकरी सांभाळून येतात. देशातलं सगळ्यात जुनं सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज आमच्याच राज्यात, जोलिएटला, १९०१ मध्ये सुरू झालं. पहिल्या वर्षी सहा विद्यार्थी होते.

या कॉलेजांत नर्सिंग आलं त्याला कारणीभूत एक बाई, मिल्ड्रेड मॉन्टॅग. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता. तोवर बहुतेक नर्सेस हॉस्पिटलांच्याच शाळांत तीन वर्षं शिकायच्या, आणि शिकता शिकता हॉस्पिटलाची सगळी राबणूकही करायच्या. मॉन्टॅगबाईंनी कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात मांडलं की हे शिक्षण हॉस्पिटलातून काढून कॉलेजात आणता येईल आणि दोन वर्षांत बसवता येईल. त्यावरचं पुस्तक १९५१ मध्ये आलं, आणि १९५२ पासून काही मोजक्या कॉलेजांत प्रयोग सुरू झाला. त्यांच्या मनात या मुलींसाठी थोडी मर्यादित जबाबदारी होती. पण झालं असं की त्या मुली त्याच लायसन्सच्या परीक्षेला बसल्या, पास झाल्या आणि पूर्ण नर्स म्हणून कामाला लागल्या. आजही दोन वर्षांची पदवी घेतलेली आणि चार वर्षांची घेतलेली, दोघी एकच परीक्षा देतात. १९६५ पासून नर्सेसची राष्ट्रीय संघटना म्हणते आहे की चार वर्षांची पदवीच हवी. न्यूयॉर्क राज्यानं तर २०१७ मध्ये कायदा केला की नव्या नर्सनं दहा वर्षांत ती पदवी पुरी करावी. मीही पुढे नोकरी करत ती घेतली आणि त्याचा मला उपयोग झाला. पण पहिलं दार दोन वर्षांचंच राहू द्यावं, असं मला कळकळीनं वाटतं. चार वर्षांचं असतं तर मी आत आले नसते. माझ्या वर्गातल्या निम्म्याजणी आल्या नसत्या.

वर्गात जायच्या आधीच दोन वर्षं गेली. शरीररचनेचे दोन भाग, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, मानसशास्त्र, इंग्रजी निबंध. मी दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं. कवटीतल्या भोकांची लॅटिन नावं भांडी घासताना पाठ केली. मग प्रवेश परीक्षा, मग वेटलिस्ट. आणि त्याआधी १२० तासांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स, ज्याच्याशिवाय आमच्या कॉलेजात नर्सिंगला बसूच देत नव्हते.

त्या कोर्सबद्दल मला थांबून सांगायचं आहे, कारण माझं खरं शिक्षण तिथे झालं. तिथे अंघोळ घालायला शिकवतात. अंथरुणातच, पूर्ण परावलंबी माणसाला. आधी डोळे, साबण न लावता, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर, प्रत्येक डोळ्याला फडक्याचा वेगळा भाग. मग तोंड, हात, छाती, पाय, पाठ. जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. धुता धुता बघायचं. कातडी कुठे लाल आहे, दाबल्यावर पांढरी होते की लालच राहते, श्वास कसा चालला आहे, कुठे हात लावल्यावर माणूस कळवळतो. मी आईला फोनवर हे उत्साहानं सांगत होते. मागून मावशीचा आवाज आला, "म्हणजे लोकांचं हगणं-मुतणं काढायला अमेरिकेत गेलीस होय गं?" आई काही बोलली नाही.

मला त्या वाक्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण पहिल्या दिवशी नर्सिंग होमच्या दारात माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं. आमच्याकडे हे काम कोण करायचं हे मला ठाऊक होतं. दवाखान्यात 'मावशी' करायच्या, आणि त्या मावशी आमच्या नात्यातल्या नसायच्या.

पहिली अंघोळ घातली ती एका नव्वदीच्या पोलिश बाईंना. शिकागोत पोलिश लोक फार. स्मृतिभ्रंशात त्यांचं इंग्रजी पुसून गेलं होतं, लहानपणची भाषा तेवढी उरली होती. पाणी लागलं की त्या घाबरून काहीतरी ओरडायच्या. मला सुचेना काय बोलावं. माझ्या तोंडून निघालं, "झालं हं, झालं, आता पाठ पुसली की झालं." त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. इंग्रजीत बोलले असते तर माझा आवाज तसा निघाला नसता. पुढचे सहा आठवडे मी त्यांच्याशी मराठीतच बोलले आणि त्या माझ्याशी पोलिशमध्ये.

नर्सिंग सुरू झालं २०१५ च्या ऑगस्टमध्ये. वर्गात एकोणीस वर्षांच्या मुली होत्या, ट्रक चालवून पाठ गेलेला एक गृहस्थ होता, तीन मुलांची एक मेक्सिकन आई होती जी रात्रपाळी करून थेट वर्गात यायची. ७८ च्या खाली सरासरी गेली की वर्ष गेलं. पहिल्या पेपरात मला ७४ पडले. प्रश्न असे की चारही उत्तरं बरोबर, त्यातलं आधी काय करायचं ते सांगा. किंवा सहा पर्यायांतले जेवढे लागू तेवढे निवडा, एक जरी सुटला तरी शून्य. घोकंपट्टीवर वाढलेल्या मला उत्तर माहीत असूनही निवडता यायचं नाही. गाडीत बसून रडले. मेक्सिकन मैत्रिणीनं काच वाजवली आणि म्हणाली, मला ७१ आहेत, सरक. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकत्र अभ्यास करायला लागलो.

गणितात मात्र मी पुढे होते. औषधाच्या मात्रांची वेगळी परीक्षा असते, ९० टक्क्यांच्या खाली नापास. हेपॅरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध, २५० मिलिलीटरमध्ये २५,००० युनिट, तासाला १,२०० युनिट द्यायची, पंप कितीवर लावाल? तासाला १२ मिलिलीटर. बाबांनी पावकी-निमकी पाठ करून घेतली होती, ती उपयोगी पडली. इथे दशांश चिन्हाचा एक कडक नियम आहे. आधी शून्य हवंच, ०.५ असंच लिहायचं. आणि शेवटी शून्य कधीही नको, ५ ला ५.० लिहायचं नाही. टिंब नजरेतून सुटलं तर पाचाचे पन्नास होतात, आणि पन्नासानं माणूस मरतो. आकडे लिहिताना मी अजूनही एकदा थांबते.

सगळ्यात जास्त मनात राहिली ती स्किल्स लॅबमधली एक दुपार. निर्जंतुक कापड पसरून त्यावर सामान मांडायला शिकवत होते. कापडाच्या कडेची एक इंच पट्टी निर्जंतुक धरायची नाही. त्याच्याकडे पाठ करायची नाही. कमरेच्या खाली हात गेला की तो बाटला. आमच्या बाईंनी 'बाटला' असा शब्द अर्थातच वापरला नाही, पण माझ्या डोक्यात तोच आला. इतर मुली गोंधळत होत्या, मला ते एका क्षणात समजलं. मी सोवळ्यातल्या आजीच्या घरात वाढले होते. काय कशाला लागलं की काय बिघडतं, याचं गणित माझ्या अंगात होतं. बाई खूश झाल्या, सगळ्यांना माझी मांडणी दाखवली. मला मात्र कौतुक ऐकू येईना. त्या कापडाचा सगळा खटाटोप माझ्या हातांपासून पेशंटला वाचवण्यासाठी होता. आमच्या घरातला खटाटोप समोरच्या माणसापासून स्वतःला वाचवण्यासाठी होता. नियम इतके सारखे, आणि तोंडं विरुद्ध दिशांना. त्याच क्षणी मला आमच्या खिडकीतला कप आठवला.

तो मी नंतर सांगते.

२०१७ च्या मे महिन्यात पिनिंग झालं. पदवीदानाच्या आधी नर्सेसचा हा वेगळा समारंभ असतो. आपल्या माणसाच्या हातून छातीवर पिन लावून घ्यायची, हातात दिवा, आणि नाइटिंगेलच्या नावानं ओळखली जाणारी शपथ, जी खरं म्हणजे १८९३ मध्ये डेट्रॉइटमधल्या लिस्ट्रा ग्रेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिली. मला पिन मुलीनं लावली. जुलैमध्ये लायसन्सची परीक्षा दिली. संगणक तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न निवडतो. तेव्हा कमीत कमी ७५, जास्तीत जास्त २६५ प्रश्न असायचे, आणि खात्री पटली की यंत्र आपोआप बंद व्हायचं. माझं ७५ ला बंद झालं. पास की नापास ते सांगत नाहीत. दोन दिवस मी घरातलं प्रत्येक कपाट आवरलं.

डिसेंबरमध्ये मिरजेला गेले. आई सत्तरीची झाली होती, गुडघे धरले होते, बाकी ठणठणीत. दुपारी पंख्याखाली पडलो होतो. मी तिला ब्रेडन स्कोअरचं सांगितलं, वहीतलं ते मागचं पान दाखवलं. म्हटलं, आई, हे सगळं तुला आधीपासून येत होतं गं, कुणी न शिकवता. मी दोन वर्षं हेच मनाशी धरून ठेवलं होतं. कॉलेजच्या एका निबंधातही लिहिलं होतं, माझ्या अशिक्षित नसलेल्या पण नर्सिंग न शिकलेल्या आईला हे उपजत ठाऊक होतं, असं.

"उपजत कुठलं?" आई म्हणाली. "ती जखम झाली होती ना माकडहाडापाशी, तेव्हा मिशनच्या सिस्टर ड्रेसिंगला घरी यायच्या. दीड महिना. त्यांनी शिकवलं. म्हणाल्या, वहिनी, जखम मी बरी करीन, पण कूस तुम्ही बदला, नाहीतर दुसरी होईल. घड्याळ बघायला जमणार नाही, कामांवर बांधून घ्या. तसं बांधून घेतलं."

मला त्या आठवल्या. संध्याकाळी सायकलवरून यायच्या. ड्रेसिंग झालं की पायरीवर बसायच्या, आणि आई त्यांना चहा द्यायची, खिडकीत ठेवलेल्या कानतुटक्या कपातून. त्या तो कप स्वतः नळावर विसळून परत खिडकीत ठेवायच्या. सिस्टर ख्रिस्ती होत्या, आणि त्यांच्या मागच्या पिढ्यांना आमच्यासारख्या घरांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. आजीच्या उघड्या पाठीला त्यांचे हात चालत होते. कप चालत नव्हता. मी चौदा वर्षांची होते, मला दिसत होतं, आणि मी एकदाही काही बोलले नाही.

"कप तूच ठेवला होतास?" मी विचारलं.

"हो," आई म्हणाली. बराच वेळ गेला. "तुझी आजी म्हणाली म्हणून. पण ती काय उठून बघणार होती? ठेवला मीच."

आमच्या हॉस्पिटलात प्रत्येक खोलीत एक पांढरा फळा असतो. पाळी बदलली की आलेल्या नर्सनं आपलं नाव त्यावर लिहायचं. पेशंटला हक्क आहे, आपल्या अंगाला कोण हात लावतं आहे हे कळण्याचा. माझं नाव तिथल्या लोकांना उच्चारता येत नाही, तरी मी ते पूर्ण लिहिते.

"सिस्टरांचं नाव काय होतं गं?"

आई उठून बसली. आठवायचा तिनं मनापासून प्रयत्न केला. मावशीला फोन लावून विचारलं, शेजारच्या काकूंना विचारलं. कुणालाच सांगता येईना. सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे.

"एक आठवतं," आई शेवटी म्हणाली. "नळावर हात धुवून आल्या की त्यांचे हात गार पडायचे. मग आधी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहायच्या, आत यायच्या नाहीत, आणि म्हणायच्या, वहिनी, जरा शेगडी इकडे सरकवा. हात शेकून घ्यायच्या. मग आजीला हात लावायच्या."